ध्रुवीय समुद्रातला कार्बन विकायला काढू नका

शिरोळ-हातकणंगल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या रानात उसावर केवडा आला, कोवळ्या पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहून मधला भाग पिवळा-पांढरा पडू लागला, की शेतकरी हिराकस आणतो. पोत्यावर फेरस सल्फेट असे छापलेले असते. हेच रसायन २००९ च्या सुरुवातीला ‘पोलारस्टर्न’ या जर्मन जहाजावरून दक्षिण महासागरात सोडले गेले. सोडणाऱ्यांत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ होते आणि मोहिमेचे नेतृत्व भारत आणि जर्मनीचे मिळून होते. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींना लोह मिळाले तर त्या वाढतील का, वाढताना हवेतला कार्बन ओढून घेतील का, आणि मेल्यावर तो घेऊन तळाशी जातील का, हे त्यांना पाहायचे होते.

तो प्रयोग व्हायलाच हवा होता, असे माझे मत आहे. पण आता हा विषय प्रयोगशाळेतून बाजाराच्या दारात आला आहे. समुद्रात काही ना काही घालून कार्बन मुरवल्याची क्रेडिट, म्हणजे हवेतला टनभर कार्बन कमी केल्याची विकता येणारी प्रमाणपत्रे, जगात याआधीच विकली गेली आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०२१ च्या अहवालात समुद्राला खत घालण्याच्या संशोधनावर मोठा खर्च करावा अशी शिफारस केली. भारताने २०२३ मध्ये स्वतःची कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. आपल्याकडे ऊसकऱ्यांच्या बैठकांतही हल्ली कार्बन क्रेडिटची बोलणी ऐकू येतात. अशा वेळी एक गोष्ट स्पष्टपणे ठरवून टाकली पाहिजे. ध्रुवीय समुद्रांत लोह घालून संशोधन करायचे असेल तर ते सरकारी पैशाने, सर्वांसमोर, लहान प्रमाणात व्हावे. पण त्यातून एक टनाचेही क्रेडिट विकता येऊ नये, आणि भारताच्या योजनेत हा दरवाजा लेखी शब्दांत बंद असावा.

कोल्हापुरात बसून अंटार्क्टिकाची एवढी काळजी कशाला, असे कोणी विचारेल. माझे काम माती-पाणी तपासण्याचे आहे, आणि या प्रश्नाचे मूळ मला रोज टेबलावर दिसते. चुनखडीच्या मातीत एकूण लोह भरपूर असते, पण पिकाला घेता येईल असे लोह मोजले तर ते ४.५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत साडेचार भाग) खाली येते आणि अहवालावर ‘कमतरता’ असा शेरा पडतो. माती अल्कधर्मी, त्यात हवेचा ऑक्सिजन. लोह लगेच गंजाच्या रूपात जाते आणि मुळांच्या उपयोगाचे राहत नाही. म्हणून हिराकस नुसता फेकायचा नाही, शेणखतात मुरवून द्यायचा, हे आमच्याकडे आता बहुतेकांना माहीत आहे. शेणखतातली सेंद्रिय आम्ले लोहाला धरून ठेवतात आणि विरघळलेल्या रूपात मुळांपर्यंत नेतात.

समुद्राचे पाणीही अल्कधर्मीच, सामू आठच्या थोडा वर, आणि वरच्या थरात ऑक्सिजन भरपूर. त्यामुळे रसायनशास्त्र तेच. लोह पाण्यात पडले की त्याचा गंज होऊन ते खाली बसू लागते. पाण्यातल्या जिवांनी सोडलेले सेंद्रिय पदार्थ ज्याला धरून ठेवतात तेवढेच लोह टिकते. दक्षिण महासागर जमिनीपासून दूर, धूळ कमी, नद्या नाहीत. तिथल्या पृष्ठभागाच्या पाण्यात पुष्कळ ठिकाणी लिटरला दहाएक नॅनोग्रॅमच लोह सापडते, म्हणजे एक ग्रॅम लोह दहा कोटी लिटर पाण्यात. नत्र आणि स्फुरद मात्र तिथे वापराविना पडून असते. मग तिथे सूक्ष्म वनस्पती का वाढत नाहीत, हे कोडे कित्येक वर्षे सुटत नव्हते. कारण असे की इतके कमी लोह मोजायचे तर आधी जहाजाचाच गंज नमुन्यात येऊ द्यायचा नाही. पोलादी जहाज, लोखंडी तार, धातूची झाकणे, हवेतली धूळ, सगळेच नमुना बिघडवणारे. कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगच्या जॉन मार्टिन यांच्या गटाने अत्यंत स्वच्छ पद्धतीने नमुने घेतले, तेव्हा कळले की आधीची बरीचशी मोजणी समुद्रातल्या लोहाची नव्हतीच, ती जहाजाच्या गंजाची होती. साध्या बाटलीच्या झाकणाने जगाचे आकडे चुकवले होते, हे माझ्यासारख्या तपासनिसाला विसरता येत नाही.

मार्टिन यांनी १९८८ मध्ये वुड्स होलच्या एका व्याख्यानात म्हटले होते की मला अर्धा टँकर लोह द्या, मी तुम्हाला हिमयुग आणून देतो. ते वाक्य जगभर गाजले. हिमयुगात वाऱ्याने दक्षिण महासागरात जास्त धूळ पडत होती आणि हवेत कार्बन डायऑक्साइड कमी होता, असे अंटार्क्टिकाच्या बर्फातून काढलेले नमुने सांगतात, आणि त्याचा आधार त्यांच्या म्हणण्याला होता. प्रशांत महासागरातला पहिला मोठा प्रयोग १९९३ मध्ये झाला आणि तो यशस्वी ठरला, पण तो पाहायला मार्टिन हयात नव्हते. तेव्हापासून डझनभर प्रयोग झाले. लोह घातले की समुद्र हिरवा होतो, हे पुन्हा पुन्हा दिसले. हिरवा झालेला कार्बन खाली जातो का, या प्रश्नाचे उत्तर मात्र दर वेळी वेगळे आले.

भारताच्या प्रयोगाचे उत्तर या बाबतीत सर्वांत बोलके आहे आणि ते आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. लोहाफेक्स असे त्याचे नाव. केपटाऊनहून निघालेल्या जहाजाने ३०० चौरस किलोमीटरच्या, भोवऱ्यात फिरत राहिलेल्या पाण्यात सुमारे ६ टन विरघळलेले लोह सोडले. त्यावर पर्यावरणवाद्यांनी हरकत घेतली होती, जर्मन सरकारने प्रयोग थांबवून तज्ज्ञांकडून तपासून घेतला आणि मग परवानगी दिली. पहिल्या दोन आठवड्यांत सूक्ष्म वनस्पती दुप्पट झाल्या. मग वाढ अडली. कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव त्यांना खाऊ लागले आणि कोपेपॉडना त्यांच्याहून मोठे अँफिपॉड खाऊ लागले. लोहाचा दुसरा हप्ता दिला, तरी फरक पडला नाही. खाली गेलेला कार्बन नगण्य निघाला.

याचे कारण सिलिका. ज्या डायटम जातीच्या वनस्पतींना काचेसारखे कवच असते त्या जड असतात, लवकर खाल्ल्या जात नाहीत आणि मेल्यावर एकत्र गोळा होऊन झपाट्याने बुडतात. पण ते कवच बांधायला सिलिका लागते आणि लोहाफेक्सच्या पाण्यातली सिलिका आधीच संपली होती, आधीच्या नैसर्गिक वाढीने ती खाऊन टाकली होती. त्याच महासागरात, जवळपास त्याच अक्षांशावर २००४ मध्ये झालेल्या आइफेक्स प्रयोगात मात्र डायटम होते आणि वाढलेल्या वनस्पतींपैकी निदान अर्ध्या एक हजार मीटरच्या खाली गेल्याचे नोंदले गेले. एकच महासागर, एकच औषध, पाच वर्षांच्या अंतराने दोन उलट निकाल. लोहाफेक्सचे श्रेय मी याचसाठी मोठे मानतो. त्या गटाने अपयश लपवले नाही. भारतीय बाजूचे प्रमुख वाजिह नक्वी आणि जर्मन बाजूचे व्हिक्टर स्मेटासेक यांनी जे आले ते छापले. पैसे कमावण्यासाठी तोच प्रयोग कोणा कंपनीने केला असता, तर पहिल्या दोन आठवड्यांतले हिरवे पाणीच जगाला दाखवले गेले असते, अशी मला भीती वाटते.

आणि हे झाले उघड्या पाण्याचे. त्याच्या दक्षिणेला बर्फ आहे, आणि लोहाचे खरे कोठार तिथे आहे. समुद्राचे पाणी उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते. हिवाळ्यात अंटार्क्टिकाभोवती सुमारे १.८ ते १.९ कोटी चौरस किलोमीटर समुद्र गोठतो, म्हणजे भारताच्या साडेपाच पट, आणि उन्हाळ्यात त्यातला सुमारे ३० लाखच उरतो. हे बर्फ घरच्या फ्रीजमधल्या बर्फासारखे घट्ट, कोरडे नसते. पाणी गोठताना मीठ बाहेर ढकलले जाते. त्यातले काही खाली समुद्रात उतरते आणि काही बर्फातच बारीक नळ्यांमध्ये, अतिखारट पाण्याच्या रूपाने अडकून राहते. त्या नळ्यांत शेवाळ राहते. ड्रिलने बर्फाचा उभा दांडा काढला की तळाचे काही सेंटिमीटर तपकिरी दिसतात. तो रंग डायटमचा. कडाक्याच्या थंडीत, जवळजवळ अंधारात, बर्फाच्या पोटाला चिकटून ते जगत असतात आणि क्रिल या कोळंबीसारख्या बारीक जिवांची पिल्ले हिवाळ्यात बर्फाखाली फिरून त्यांच्यावर तग धरतात.

बर्फ तयार होताना पाण्यातले लोह आणि त्याला धरून ठेवणारे सेंद्रिय कण आत अडकवून घेतो. त्यामुळे बर्फातले लोह खालच्या पाण्यापेक्षा दहा ते शंभर पट असू शकते. वसंतात ऊन परतते, बर्फ वितळतो, साठवलेले लोह नेमक्या त्या वेळी, नेमक्या उजेडाच्या थरात सुटते, आणि सोबत गोडसर, हलके पाणी वरती तरंगत असल्यामुळे शेवाळाला उजेडात राहता येते. बर्फाची कड मागे सरकते तशी हिरवाईची पट्टी मागे मागे जाते. लोह, उजेड आणि स्थिर पाणी अशी तिन्ही एकाच आठवड्यात जुळून येतात. माणसाने जहाजातून लोह ओतून ही जुळणी साधणे फार अवघड आहे.

बर्फातले रसायन इथेच संपत नाही. २००८ मध्ये अंटार्क्टिकाच्या समुद्री बर्फात इकाइट नावाचे कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक सापडल्याचे प्रसिद्ध झाले. बर्फ गोठताना हे स्फटिक तयार होतात, तेव्हा कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तो खारट पाण्याबरोबर खाली जाऊ शकतो. वितळताना स्फटिक विरघळले की वरचे पाणी पुन्हा हवेतला कार्बन ओढते. म्हणजे बर्फ हे नुसते झाकण नाही. वर्षभर चालणाऱ्या देवघेवीत त्याचा हात आहे, आणि ती देवघेव किती, हे मोजणारी माणसे अजून आकडे बसवत आहेत. त्यात २०२३ मध्ये बर्फच घटला. फेब्रुवारीत तो १८ लाख चौरस किलोमीटरच्या आत आला. त्याच वर्षीच्या हिवाळ्यातला विस्तार आधीच्या नीचांकापेक्षा सुमारे १० लाख चौरस किलोमीटरने कमी भरला. तीन महाराष्ट्र मावतील एवढा समुद्र त्या हिवाळ्यात गोठलाच नाही. ज्या समुद्राचा मूळ ताळेबंद आपल्या डोळ्यांसमोर बदलतो आहे, त्यात आपण घातलेल्या लोहाने नेमका किती टन कार्बन वाढवला हे वेगळे काढून दाखवणे आज कोणालाही जमणार नाही.

हे मी हवेत बोलत नाही. दक्षिण महासागर मोठा कार्बन शोषक आहे. जगातले समुद्र माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश घेतात, आणि त्यातला सुमारे ४० टक्के वाटा एकट्या दक्षिण महासागराचा आहे. पण हा आकडा ज्या मोजणीवर उभा आहे ती बरीचशी उन्हाळ्यातली. हिवाळ्यात त्या लाटांत आणि बर्फात जहाजे फारशी जात नाहीत. ही पोकळी भरायला स्वयंचलित फ्लोट, म्हणजे पाण्यात वाहत राहून मोजणी करणारी यंत्रे, आली. ते दोन हजार मीटर खाली जातात, दर दहा दिवसांनी वर येतात आणि उपग्रहाला आकडे पाठवतात. डोक्यावर बर्फ असेल तर ते वर न येता माहिती साठवून ठेवतात आणि बर्फ फुटल्यावर सगळी एकदम पाठवतात. २०१८ मध्ये या फ्लोटच्या आकड्यांवरून निष्कर्ष आला की हिवाळ्यात अंटार्क्टिकाजवळचे पाणी समजुतीपेक्षा बराच जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडते. २०२१ मध्ये विमानांतून घेतलेल्या हवेच्या नमुन्यांवरून दुसऱ्या गटाने सांगितले की शोषण अजूनही जोरदार आहे. दोन्ही गट प्रामाणिक आहेत, दोघांची उपकरणे चांगली आहेत. विज्ञान असेच पुढे जाते. पण या वादातल्या फरकाच्या पुढे कोणत्याही लोह-प्रकल्पाचा विक्रीयोग्य टनांचा आकडा अगदीच किरकोळ ठरतो. मोजणीतली चूकच मालापेक्षा मोठी असेल, तर विकले काय जाणार?

क्रेडिट ही कल्पनाच वाईट, असे माझे म्हणणे नाही. देशातल्या अनेक साखर कारखान्यांनी क्योटोच्या हवामान कराराच्या काळात बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, वीज तयार करून क्रेडिट मिळवली. तिथे निदान किती युनिट वीज ग्रीडला गेली हे मीटरवर दिसत होते, आणि कोळशाची किती वीज वाचली याचा हिशेब वाद घालता येण्याजोगा होता. आपल्या भागात उसाच्या वजनातल्या काटामारीवरून ज्यांनी रस्त्यावर उतरून भांडण केले, त्यांना समजावून सांगायची गरज नाही की व्यवहार कितीही मोठा असो, शेवटी विचारायचे एवढेच की काटा कोणाचा आणि तो कोण तपासतो. समुद्रात लोह घातल्यावर तर काटाच नाही. ज्या पाण्यात लोह सोडले ते पाणी काही आठवड्यांत पसरते, मिसळते, ओळख हरवते. शेवाळाने पाण्यातला कार्बन घेतला, तरी ती तूट हवेतून भरून यायला महिने लागतात, आणि त्याआधीच ते पाणी खाली गेले तर हवेतून काहीच कमी झालेले नसते. शंभर मीटर खाली गेलेला कार्बन पुढच्याच हिवाळ्यात वर येऊ शकतो. हजार मीटर खाली गेलेला शतकभर टिकेल. यातला कोणता कार्बन कोणाच्या हिरव्या पाण्यातला, हे ओळखणारी खूण कणांवर नसते.

आणि ज्यांचे नुकसान होईल त्यांना कोणी विचारणारही नाही. दक्षिण महासागरातून पाण्याचा एक थर खाली सरकून उत्तरेकडे वाहतो आणि न वापरलेले नत्र, स्फुरद बरोबर घेऊन जातो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासाचा अंदाज असा की ३० अंश दक्षिण अक्षांशाच्या उत्तरेकडच्या समुद्रांत जे जैविक उत्पादन होते, त्यातल्या तीन चतुर्थांशाला दक्षिण महासागराचे हे पोषण आधार देते. हिंदी महासागराचे मधले थरही याच पाण्याचे लाभार्थी आहेत. लोह घालून तिथेच नत्र-स्फुरद संपवले, तर काही दशकांनी उत्तरेकडे कमी पोचेल. तिथे टनाचे पैसे कोणाच्या खात्यावर जमा होतील आणि इकडे रत्नागिरी-मालवणचा मच्छीमार जाळे हलके का आले हे शोधत बसेल. दोघांमध्ये इतके अंतर आणि इतकी वर्षे असतील की नुकसानभरपाईचा दावा कोणत्याच न्यायालयात टिकणार नाही.

ऑक्सिजनचा मुद्दा त्याला जोडून येतो. बुडालेले शेवाळ खाली कुजते आणि पाण्यातला ऑक्सिजन खाते. अरबी समुद्राच्या मधल्या थरात आधीच जगातल्या सर्वांत मोठ्या ऑक्सिजन-तुटीच्या पट्ट्यांपैकी एक आहे. ऑक्सिजन कमी झाला की नायट्रस ऑक्साइड तयार होऊ शकतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट उष्णता अडवतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत हा वायू वाढत असल्याचे २००० मध्ये दाखवून देणारे शास्त्रज्ञ म्हणजे पुढे लोहाफेक्सचे नेतृत्व करणारे नक्वीच. समुद्राच्या एका टोकाचा प्रयोग आणि दुसऱ्या टोकाचा धोका एकाच माणसाने अभ्यासला, ही आपल्याकडच्या विज्ञानाची मोठी जमेची बाजू आहे. धोरण आखताना तिचा उपयोग करून घेतला पाहिजे.

बाजार घाई करतो तेव्हा काय होते याचे उदाहरण २०१२ चे आहे. कॅनडाच्या पश्चिमेला हायदा ग्वाय बेटांपलीकडे सुमारे शंभर टन लोहयुक्त चूर्ण समुद्रात टाकले गेले. पैसे एका आदिवासी गावाच्या संस्थेचे होते. साल्मन मासे वाढतील आणि क्रेडिटही विकता येतील, अशी आशा गावाला दाखवली गेली होती. समुद्र हिरवा झाला, उपग्रहांनी टिपला. क्रेडिटचे पैसे गावाला मिळाले नाहीत, उलट सरकारी चौकशी मागे लागली. किती कार्बन खाली गेला हे आजतागायत सिद्ध झालेले नाही.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत जड मुद्दा. कोल्हापूरने २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर पाहिली, धोक्याची पातळी ४३ फूट असताना. २०२१ मध्ये पुन्हा तेच. शिरोळची गावेच्या गावे होड्यांतून बाहेर काढावी लागली. अशा जिल्ह्यातल्या माणसाने हवेतला कार्बन कमी करण्याचा कोणताही मार्ग बंद करायला का सांगावे? हा प्रश्न मला खरा वाटतो आणि त्याला टाळून चालणार नाही. हवेतून कार्बन काढावा लागणार आहे, हेही खरे. म्हणूनच संशोधन चालू राहावे असे मी म्हणतो. पण विकलेले प्रत्येक क्रेडिट म्हणजे विकत घेणाऱ्याला तेवढाच धूर सोडायची मुभा. समुद्राने तो टन घेतलाच नसेल, तर धूर खरा आणि भरपाई खोटी. पूर सोसणाऱ्या गावांच्या बाजूने उभे राहायचे असेल तर याच खोट्या भरपाईला सर्वांत आधी विरोध केला पाहिजे.

शिवाय निसर्गाची जी लोहाची व्यवस्था चालू होती ती आपणच मोडली आहे. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात सुमारे वीस लाख देवमासे मारले गेले. देवमासे क्रिल खातात आणि त्यांच्या विष्ठेतले लोह आसपासच्या पाण्याच्या सुमारे एक कोटी पट असल्याचे २०१० मध्ये मोजले गेले. खोल पाण्यातून वर आणलेले, सेंद्रिय पदार्थांत मुरलेले हे लोह पृष्ठभागावरच पसरते आणि शेवाळाला घेता येते. देवमासे संपले तर क्रिल वाढायला हवे होते, पण कित्येक भागांत ते घटले. लोहाचे चक्र तुटले हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. देवमासे आता हळूहळू परतत आहेत आणि त्याच वेळी त्यांचे खाद्य आपण ओरबाडत आहोत. अटलांटिक बाजूच्या दक्षिण महासागरात क्रिल पकडण्याची मर्यादा ६ लाख २० हजार टन आहे. ते जाते कुठे, तर शेतीतल्या साल्मन माशांच्या खाद्यात आणि ओमेगा-३ च्या गोळ्यांत. एका बाजूने नैसर्गिक लोह फिरवणारे जीव काढायचे आणि दुसऱ्या बाजूने जहाजातून लोह ओतून त्याची क्रेडिट विकायची, या धोरणाला मी विरोध करतो.

भारताची बाजू इथे कमकुवत नाही. जैवविविधता कराराच्या २००८ च्या बॉन बैठकीत ठरले की पुरेसा वैज्ञानिक आधार मिळेपर्यंत लहान संशोधनाखेरीज समुद्राला खत घालू नये आणि संशोधनाचा वापर क्रेडिट विकायला करू नये. भारत या करारात आहे. पण तो ठराव बंधनकारक नाही, म्हणून आपल्या कार्बन क्रेडिट योजनेच्या नियमांत तेच शब्द आले पाहिजेत. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्रात संरक्षित क्षेत्र करण्याच्या प्रस्तावांना भारताने २०२१ मध्ये सहप्रस्तावक म्हणून पाठिंबा दिला. चीन आणि रशियाच्या विरोधामुळे ते अडले आहेत, कारण अंटार्क्टिकाच्या सागरी जीवांचे संरक्षण पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगात निर्णय एकमताने होतात. हा विषय दर वर्षीच्या बैठकीत नुसता नोंदवून न सोडता दोन्ही देशांशी थेट चर्चेत उचलायला हवा.

मोजणीच्या बाबतीत आपण खरोखर मागे आहोत. १९८१ मध्ये पहिली भारतीय मोहीम गोव्याहून अंटार्क्टिकाला निघाली. तिथले मैत्री हे संशोधन स्थानक १९८९ पासून, भारती २०१२ पासून चालू आहे, आणि उत्तर ध्रुवाकडे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून हिमाद्री हे स्थानक आहे. ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र वास्कोत आहे, आंबोली घाट उतरून गेले की कोल्हापूरहून काही तासांवर. इतके सगळे असून बर्फ फोडत जाणारे स्वतःचे संशोधन-जहाज आपल्याकडे अजून नाही. मोहिमा परदेशी जहाजे भाड्याने घेऊन निघतात, आणि भाड्याच्या जहाजाला स्थानकांवर सामान पोचवायचे असते. मग हिवाळ्यात बर्फाच्या कडेला महिनाभर थांबून लोह, सिलिका, कार्बन मोजणार कोण? त्यासाठी जहाज हवे, रासायनिक सेन्सर बसवलेले फ्लोट हवेत, आणि त्याहून जास्त गरज आहे नॅनोग्रॅम लोह मोजू शकणाऱ्या हातांची. असे हात तयार करायला शिवाजी विद्यापीठासारख्या ठिकाणचे रसायनशास्त्राचे विद्यार्थी आहेत. मातीतले लोह ते शिकतातच, समुद्राच्या पाण्यातले शिकवायला वास्कोचे केंद्र आणि दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांच्याशी करार पुरेसा आहे.

कोल्हापूर आणि हातकणंगले या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांना माझी विनंती आहे की पुढच्या अधिवेशनात पृथ्वी विज्ञान आणि ऊर्जा या दोन मंत्रालयांना हे प्रश्न विचारावेत. समुद्राला खत घालून मिळवलेले कोणतेही क्रेडिट, देशातले किंवा परदेशातले, भारताच्या योजनेत मान्य होणार नाही असा नियम कधी निघणार? भारतीय पैशाने पुन्हा असा प्रयोग झाला तर त्याचा आराखडा, परवानगी आणि निकाल जाहीर करण्याचे बंधन कोणावर असेल? ध्रुवीय जहाजासाठी तरतूद किती आणि ते कोणत्या वर्षी पाण्यात उतरणार? आणि दक्षिण महासागरात आजवर भारतीय मोहिमांनी केलेल्या लोह आणि कार्बनच्या मोजणीचे मूळ आकडे कोणत्या तारखेपासून सर्वांना पाहता येतील? याची उत्तरे लेखी मिळाली पाहिजेत.